गेटवरची पावती आणि मोहाखालची टोपली

ताडोब्याच्या मोहर्ली गेटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका रिसॉर्टमध्ये दोन वर्षांपूर्वी मुक्काम केला, तेव्हा खोलीत उशाशी जाड कागदाचे एक कार्ड ठेवलेले होते. त्यावर वाघाच्या पंजाचा ठसा होता आणि खाली मजकूर होता की येथे राहून आपण व्याघ्रसंवर्धनाला हातभार लावत आहात. रात्रीच्या जेवणानंतर मी व्यवस्थापकांना विचारले की हा हातभार नेमका कोणत्या वाटेने वाघापर्यंत पोहोचतो. प्रश्नात खोच नव्हती. मला खरोखरच जाणून घ्यायचे होते. ते क्षणभर थांबले आणि मग त्यांनी पावसाळ्यात लावलेल्या रोपांविषयी, जवळच्या शाळेत वाटलेल्या दप्तरांविषयी आणि प्लास्टिकच्या बाटल्या बंद केल्याविषयी सांगितले. यातले काहीच वाईट नाही. पण ताडोब्याच्या वाघाला रोपांची टंचाई कधी भासलेली नाही, आणि शाळेत दप्तरे मिळाली म्हणून एखाद्या गावाने वाघाचा शेजार गोड मानून घेतला, असेही ऐकिवात नाही.

वन्यजीव पर्यटनाचा व्यवसाय संवर्धनाला पोसतो, हे विधान गेल्या वीसेक वर्षांत इतके रुळले आहे की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटेनासे झाले आहे. शासकीय पत्रकात, रिसॉर्टच्या जाहिरातीत आणि सफारीहून परतलेल्या पर्यटकाच्या गप्पांत ते सारख्याच सहजतेने येते. दुसऱ्या टोकाला, पर्यटन म्हणजे जंगलाचा मांडलेला बाजार, तो उठवलाच पाहिजे, असे म्हणणारेही आहेत. मला या दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. पर्यटनातून वाघ वाचू शकतो, असे माझे मत आहे. मात्र वाघ वाचवण्याची किंमत ज्याच्या पदरात पडते, त्याच्यापर्यंत पर्यटनाचा पैसा पोहोचला पाहिजे, आणि तो कोणाच्या औदार्याने नव्हे, हक्काने पोहोचला पाहिजे. ही अट पुरी होत नसेल, तर उशाशी ठेवलेले कार्ड जाहिरातीहून वेगळे नाही.

आधी पर्यटनाच्या पारड्यात जे प्रामाणिकपणे टाकले पाहिजे ते टाकू. ताडोबा हे १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य आले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. आज त्याचा गाभा, म्हणजे कोअर, सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा आहे आणि त्याभोवतीचा बफर सुमारे ११०० चौरस किलोमीटरचा. महाराष्ट्रात २००६ च्या गणनेत १०३ वाघ होते. २०२२ च्या गणनेत ही संख्या ४४४ झाली, त्यांतले ९७ एकट्या ताडोबा प्रकल्पात. याच काळात ताडोबा पर्यटनाच्या नकाशावर आले, ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रत्येक व्याघ्रप्रकल्पाला स्वतःचे प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद केली, त्यामुळे गेटवर जमा होणारा पैसा सरकारी तिजोरीत विरून न जाता त्याच जंगलासाठी राहू लागला. हंगामी संरक्षण मजूर, पाणवठ्यांवरील सौरपंप, गस्तीची वाहने यांसाठी मंत्रालयाकडे डोळे लावून बसावे लागत नाही, हे वनाधिकाऱ्यांच्या दृष्टीने लहान सुख नाही. आणि बफरमधील गावांतील मुले, अलीकडे मुलीसुद्धा, गाइड झाली. दहा वर्षांपूर्वी ज्या घरातला मुलगा बांधकामावर मजुरीला चंद्रपूर किंवा हैदराबाद गाठत होता, त्या घरातला मुलगा आज सांबराचा धोक्याचा कॉल ऐकून वाघ कोणत्या दिशेने निघाला आहे ते सांगतो आणि त्यावर घर चालवतो. ज्याने हे पाहिले आहे, तो पर्यटनाला सरसकट बाजार म्हणणार नाही.

पर्यटनाच्या बाजूने नेहमी मांडला जाणारा आणखी एक मुद्दा मात्र मला तितकासा पटत नाही. पर्यटकांची ये-जा असली की शिकारी फिरकत नाहीत, पर्यटक हे जंगलाचे डोळे आहेत, असे सांगितले जाते. यात तथ्याचा अंश आहे, पण सरिस्का विसरून चालणार नाही. दिल्ली आणि जयपूर या दोन्ही शहरांच्या हाताशी असलेला, पर्यटकांना चांगला परिचित असलेला तो व्याघ्रप्रकल्प. आणि २००४-०५ मध्ये तेथे एकही वाघ उरलेला नाही असे उघडकीस आले. २००९ मध्ये मध्य प्रदेशातील पन्ना व्याघ्रप्रकल्पात तेच झाले. तेथेही पर्यटक येत होते. पर्यटकाचे डोळे रस्त्यावरून दिसेल तेवढेच पाहतात, सकाळी आणि दुपारी ठरलेल्या तासांत पाहतात आणि वाघ दिसला की बाकी सर्व पाहायचे सोडून देतात. जंगलात चोवीस तास वावरणारे डोळे गुराख्याचे, मोह वेचणारीचे आणि बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, मासे धरणाऱ्याचे असतात. ते डोळे वाघाच्या बाजूचे आहेत की नाहीत, यावर सर्व काही अवलंबून आहे.

एप्रिल आणि मे हे ताडोब्यातील पर्यटनाचे ऐन भराचे महिने. पाणवठे आटलेले असतात, झाडोरा झडलेला असतो, वाघ पाण्यावर येतो आणि हमखास दिसतो. त्यामुळे पहाटे साडेपाचच्या आधीच गेटावर जिप्सींची रांग लागते. पर्यटक रुमालाने तोंड झाकून घेतात, गाइड नोंदवहीत सही करतो, कोणीतरी थर्मासमधला चहा कपात ओततो. नेमक्या याच महिन्यांत, नेमक्या याच वेळी, बफरमधील गावांतून बायका टोपल्या घेऊन मोहाखाली जातात. मोहाचे फूल रात्री गळते आणि उन्हे वर येण्यापूर्वी वेचावे लागते. उशीर झाला तर चितळे खाऊन जातात किंवा फूल उन्हाने करपते. वेचायला खाली वाकलेली बाई पाठीमागून, अर्धवट उजेडात, चार पायांच्या जनावरासारखी दिसते, हे वनखात्याच्या प्रत्येक जागृती फलकावर लिहिलेले असते. तरीही ती जाते, कारण त्या फुलांवर घरचे काही महिने निघतात. मोह संपतो तोच तेंदूपानांचा हंगाम येतो. पुन्हा पहाटेच निघायचे, दुपारपर्यंत पाने तोडायची, ७० पानांचे एकेक पुडके बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, मोजून द्यायचे.

मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी एकाच ठिकाणी वाघाच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. वृत्तपत्रांत दोन दिवस बातमी आली. त्याच आठवड्यात ताडोब्याचे आरक्षण भरलेले होते आणि पाणवठ्यावर पहुडलेल्या वाघांची छायाचित्रे मोबाइलवरून फिरत होती. मी कोणालाही यासाठी दोष देत नाही. मीही त्या छायाचित्रांकडे पाहत होतो. पण एकाच जिल्ह्यात, एकाच महिन्यात वाघ पाहण्यासाठी काही हजार रुपये मोजणारा माणूस आणि वाघ दिसू नये म्हणून देवाला हात जोडून निघणारी बाई यांच्यात पैशाचे कोणते नाते आहे, हा प्रश्न तेव्हापासून मनातून गेलेला नाही.

नाते जवळपास नाही, असे उत्तर आहे. सिंदेवाहीचा तो भाग ब्रह्मपुरी वनविभागात येतो. तो ताडोबा व्याघ्रप्रकल्पात नाही. ताडोब्यात जन्मलेला वाघ दोन-अडीच वर्षांचा झाला की स्वतःचा मुलूख शोधत बाहेर पडतो. कोअरमध्ये जागा नसते, म्हणून तो ब्रह्मपुरी, नागभीड, सावली, सिंदेवाही या बाजूंना, धानाच्या बांध्या आणि झुडपी जंगल यांच्या सरमिसळीत राहू लागतो. तेथे बहुतेक ठिकाणी सफारीचे गेट नाही, जिप्सी नाही, पावती नाही. म्हणजे वाघ ताडोब्याची हद्द ओलांडतो, पण त्याने कमावलेला पैसा मात्र हद्दीच्या आत राहतो. कायद्याने प्रतिष्ठान व्याघ्रप्रकल्पापुरते बांधले आहे, त्यामुळे हा कोणा अधिकाऱ्याचा दोष म्हणता येणार नाही. परंतु पर्यटनाने संवर्धन होते असे म्हणणाऱ्यांनी या हद्दीपाशी थांबून विचार करायला हवा, कारण चंद्रपूर जिल्ह्यातील वाघाचे भवितव्य आता कोअरच्या तळ्याकाठी ठरत नाही, या धानाच्या बांधांवर ठरते.

शासन काहीच देत नाही असे नाही. मृत्यू झाल्यास कुटुंबाला २५ लाख रुपये मिळतात, गुरे मेल्यास भरपाई मिळते, २०१५ पासून बफरमधील गावांसाठी श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे आणि तिच्यातून अनेक घरांत गॅस आला, त्यामुळे सरपणासाठी जंगलात जाणे कमी झाले. ही योजना मला फार महत्त्वाची वाटते. पण भरपाई म्हणजे नुकसान झाल्यानंतर मिळणारी रक्कम. नुकसान होण्याआधी, वाघ जिवंत आहे आणि माणूसही जिवंत आहे अशा साध्या दिवशी, वाघामुळे गावाच्या हातात काय पडते? ज्याच्या घरात गाइड किंवा जिप्सी आहे त्याच्या हातात पडते. बाकीच्यांच्या हातात रात्रीची जागल पडते. धान लोंबीवर आले की रानडुकरे आणि रोही, म्हणजे नीलगाई, यांच्यासाठी शेतातल्या मचाणावर रात्र काढायची, आणि मचाणावरून उतरताना वाघाचा विचार करायचा.

२०११ मध्ये कृती कारंथ आणि रूथ डेफ्रीझ या संशोधकांनी भारतातील दहा संरक्षित क्षेत्रांतील पर्यटनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पर्यटकांची संख्या वर्षाला सरासरी १५ टक्क्यांनी वाढत असल्याचे त्यात आढळले होते, आणि जंगलालगत राहणाऱ्या लोकसंख्येच्या मानाने त्यातून मिळणारा थेट रोजगार अगदीच नगण्य असल्याचेही. ताडोब्याच्या रस्त्यांवर हिंडताना आजही हेच चित्र दिसते. मोहर्ली आणि कोलारा या गेटांच्या गावांत थोडी समृद्धी आली, दुकाने आली, होम-स्टे आले. चार किलोमीटर आत गेले की गाव पूर्वीसारखेच. एका गाइडने मला फार नेमके सांगितले होते. तो म्हणाला, ‘सर, वाघ सगळ्या गावांचा आहे, पण गेट दोनचार गावांचेच.’

मोठा पैसा गेटावर नसतोच, तो रिसॉर्टमध्ये असतो. सफारीची फी, जिप्सीचे भाडे, गाइडचे शुल्क हे सर्व मिळून जेवढे होते, त्याच्या कितीतरी पट एका चांगल्या रिसॉर्टच्या दोन रात्रींना पडतात, आणि त्या रकमेतला कोणता हिस्सा जंगलाला वा गावाला द्यायचा हे ठरवणारा बंधनकारक दर नाही. सरिस्काच्या धक्क्यानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या, सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखालील व्याघ्र कृती दलाने २००५ मध्येच शिफारस केली होती की व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीपासून पाच किलोमीटरच्या आतील हॉटेलांनी उलाढालीचा ३० टक्के वाटा प्रकल्पाला द्यावा आणि त्यांना त्यावर प्राप्तिकरात पूर्ण सवलत मिळावी. ही शिफारस कधी नियम झाली नाही. ३० टक्के हा आकडा जास्त होता, असे मलाही वाटते. एवढा वाटा देऊन कोणताही व्यवसाय उभा राहणे कठीण. परंतु आकड्यावर वाद घालता घालता मूळ तत्त्वच बाजूला पडले, आणि ते बहुतेकांच्या सोयीचे होते.

पुढे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोअर क्षेत्रातील पर्यटनावर अंतरिम बंदी घातली, तेव्हा देशभर मोठी खळबळ उडाली. बंदी २४ जुलैला आली आणि १६ ऑक्टोबरला उठली. म्हणजे ज्या दिवसांत पावसामुळे बहुतेक कोअर एरवीही बंद असतात, त्याच दिवसांत ती बहुतांशी होती, त्यामुळे पर्यटन थांबल्याने काय होते याचा धडा कोणालाही मिळाला नाही. त्यातून निघालेल्या राष्ट्रीय व्याघ्रसंवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी मात्र दोन गोष्टी सांगितल्या. कोअरच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन असावे, आणि राज्यांनी पर्यटन व्यवसायाकडून संवर्धन शुल्क घेऊन ते स्थानिकांच्या उन्नतीसाठी वापरावे. पहिली गोष्ट रस्ते मोजून अमलात आणणे सोपे होते. दुसरीसाठी रिसॉर्टमालकांशी वाकडे घ्यावे लागले असते. कोअरवर मर्यादा आल्यावर मागणी बफरकडे वळली, बफरमध्ये गेटांमागून गेटे उघडली आणि त्यांच्या आसपासच्या शेतजमिनींना नागपूर, मुंबई, पुण्याचे गिऱ्हाईक मिळाले. जमीन विकलेला शेतकरी काही वर्षांनी त्याच जमिनीवरच्या बागेत पाणी घालताना दिसतो. त्या जमिनीभोवती तारेचे कुंपण येते, रात्रीचे दिवे येतात, आणि वाघ-बिबट्यांच्या येण्याजाण्याच्या वाटा अरुंद होत जातात. वाघाच्या नावावर उभा राहिलेला व्यवसाय वाघाचीच वाट अडवतो, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही.

पैशाची रचना माणसाचे वागणे घडवते, हे ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात उघडपणे दिसले. एक वाघीण आपल्या पाच पिल्लांसह रस्ता ओलांडत असताना दोन्ही बाजूंनी जिप्सींनी तिची वाट कोंडली. चित्रफीत पसरली, संताप झाला, चालक आणि गाइड निलंबित झाले, दंड झाला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कारवाई योग्यच होती. पण त्या जिप्सींत बसलेल्यांपैकी किती जणांनी चालकाला मागे घ्यायला सांगितले असेल? ज्याची रोजी पर्यटकाच्या समाधानावर, आणि समाधान वाघाच्या दर्शनावर अवलंबून आहे, तो चालक वर्षाच्या शेवटच्या दिवशी, गाडीतल्या सहा जणांनी मागून ‘अजून थोडे पुढे’ म्हटल्यावर, गाडी मागे घेईल अशी अपेक्षा आपण कशाच्या बळावर करतो? त्याची बक्षिसी वाघ दाखवण्याला आहे, वाघ सुखरूप ठेवण्याला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्रप्रकल्पाच्या प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने कोअरमधील पर्यटन क्षेत्रात मोबाइल वापरण्यावर बंदी घातली. ताडोब्यात कोअरमध्ये मोबाइल नेण्यावर त्याआधीपासूनच मनाई होती, आणि त्यामुळे गाड्यांची झुंबड थोडी तरी आटोक्यात राहिली, असे तेथील गाइड सांगतात. पण चालकाला गाडी मागे घेणे परवडेल, अशी व्यवस्था मोबाइलबंदीने होत नाही. त्यासाठी त्याची रोजी एका फेरीतल्या दर्शनापासून सोडवावी लागेल.

ही रचना वेगळी असू शकते, हे मी कोकणात पाहिले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. तेथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात. ही अंडी गावात खाल्ली जात, विकली जात. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने तेथे घरटी राखायला सुरुवात केली. काठ्या-जाळीचे कुंपण घालून हॅचरी केली, आणि पहाटे किनारा पालथा घालून अंडी शोधण्याचे काम गावातल्यांनाच दिले, कारण कासवीच्या पावलांचा माग काढण्यात ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, ते अंडी काढणारेच होते. चार वर्षांनी कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले वाळूतून वर येऊन समुद्राकडे जाताना पाहायला मुंबई-पुण्याचे लोक येऊ लागले.

मी गेलो तेव्हा गावात नाव घेण्यासारखे हॉटेल नव्हते. उतरलो ते एका घराच्या ओसरीवर. रात्री आमटी-भात, चवळीची उसळ, सोलकढी, आणि झोपायला चटई. पहाटे सहाला किनाऱ्यावर गेलो, तर कासवमित्राने टोपली उचलली आणि म्हणाला, ‘आज तीनच आहेत.’ शंभरेक माणसे दोरीच्या अलीकडे उभी होती. तीन पिल्ले वाळूवर सोडली. त्यांतले एक उलटे फिरले, थांबले, पुन्हा वळले, आणि समुद्रापर्यंतच्या वीस-पंचवीस पावलांना त्याने दहा मिनिटे लावली. एका मुलाने वडिलांना विचारले की त्याला उचलून पाण्यात का टाकत नाहीत, आणि वडिलांच्या आधी शेजारी उभ्या असलेल्या घरमालकीणबाईंनी उत्तर दिले की त्याने आपल्या पायांनी चालायला हवे, त्या चालण्यातूनच त्याला हा किनारा कळतो. ज्या बाईंच्या घरी मी रात्री जेवलो, त्याच बाई सकाळी कासवाची बाजू मांडत होत्या. माझ्या मुक्कामाचे पैसे सरळ त्यांच्या पदरात पडले होते; मध्ये कोणी नव्हते. उशाशी कार्ड ठेवण्याची त्यांना गरज पडली नाही.

वेळासचे गुणगान करून ताडोब्याला नावे ठेवणे सोपे आहे, पण ते प्रामाणिक नाही. कासव कोणाला खात नाही. त्याला राखण्याची किंमत म्हणजे काही अंडी खायला न मिळणे एवढीच होती, आणि त्या मानाने होम-स्टेचे उत्पन्न भरघोस होते. वाघाची किंमत गुरे, पीक, झोप आणि कधी घरातले माणूस अशी आहे. तिच्यापुढे चार खोल्यांचे भाडे पुरे पडणार नाही. शिवाय वेळासलाही शनिवार-रविवारी गर्दीचा ताण येतो. आणि स्थानिकांच्या हातात पैसा गेला म्हणजे सर्व आपोआप नीट होते, हा समजही भाबडा आहे. भंडारदऱ्याच्या परिसरात जूनच्या सुरुवातीला काजव्यांसाठी जी गर्दी लोटते, तिच्यातून तिथल्या गावांना चार पैसे नक्की मिळतात. पण अंधारात प्रकाशाच्या खुणांवर जोडीदार शोधणाऱ्या कीटकाला पाहायला शेकडो गाड्या दिवे लावून घाटात येतात, त्यात काजव्याचे काय भले होते? वेळासमध्ये दोरी होती आणि दोरी धरणारा गावचा होता. काजव्यांसाठी अशी दोरी कोणी बांधली नाही. पैशाचा वाटा आणि मर्यादेचे बंधन या दोन्ही गोष्टी एकाच हातात असाव्या लागतात.

वाघाच्या बाबतीत हे जमते का, याचे उत्तर शेजारच्या नेपाळमध्ये आहे. चितवनसारख्या राष्ट्रीय उद्यानांच्या उत्पन्नातील ३० ते ५० टक्के रक्कम बफरमधील लोकसमित्यांना मिळेल, असे तेथील कायद्याने नव्वदीच्या दशकात ठरवून टाकले. ती रक्कम कोणत्या गावाने कुंपणावर खर्च करायची आणि कोणत्या गावाने शाळेवर, हे गावे ठरवतात. नेपाळमधील वाघ २००९ मध्ये १२१ होते आणि २०२२ मध्ये ३५५ झाले. याचे सर्व श्रेय या वाट्याला देणे अतिशयोक्त ठरेल; तेथे लष्कर जंगल राखते, आणि वाघ वाढल्यावर तेथेही माणसे मरत आहेत. पण वाघ वाढला तर आपल्या गावाचा वाटा वाढतो, हे तेथील शेतकऱ्याला ठाऊक आहे. रवांडाने २०१७ मध्ये गोरिला पाहण्याच्या परवान्याचा दर १५०० डॉलर केला, तेव्हा त्याच वेळी भोवतालच्या लोकांचा वाटा ५ टक्क्यांवरून १० टक्के केला. दर वाढला की वाटा वाढतो, हे तेथे एकाच निर्णयात ठरले. आपल्याकडे प्रतिष्ठान गावांवर खर्च करते, बफरमधील काही ठिकाणी ग्राम परिस्थितिकीय विकास समित्यांना उत्पन्नही मिळते. परंतु किती, कधी आणि कशासाठी हे वरच्या बैठकांत ठरते. सफारीची पावती फाडणाऱ्या पर्यटकाला आणि मोहाखाली वाकलेल्या बाईला, दोघांनाही तो आकडा माहीत नसतो.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा की गावाच्या हाती पैसा दिला तर तो समितीचा अध्यक्ष खाईल. काही ठिकाणी खाईलही. पण २०२३ मध्ये ताडोब्याच्या ऑनलाइन आरक्षणाचे काम पाहणाऱ्या खासगी एजन्सीने सुमारे १२ कोटी रुपये थकवल्याची, फसवणुकीची तक्रार पोलिसांत दाखल झाली. म्हणजे पैसा गावापासून लांब, संगणकात आणि करारात ठेवल्याने तो सुरक्षित राहतो असेही नाही. निदान ग्रामसभेत हिशेब वाचला गेला तर उठून प्रश्न विचारणारा कोणीतरी असतो. कोअर १ जुलैला बंद होतो, हंगामाचा जमाखर्च तोवर झालेला असतो, आणि रोवणीची धांदल सोडली तर गावात माणसे असतात. तो हिशेब वाचण्याचा काळ ठरवता येईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पर्यटनावर संवर्धन टांगले तर पर्यटन थांबल्यावर काय? मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली आणि सर्व गेटे बंद झाली. गाइड आणि चालक महिनोन्महिने रिकामे बसले. ज्या जंगलात वाघ सहज दिसत नाही, जसे मेळघाट, तेथे पर्यटनाचे उत्पन्न कधीच ताडोब्याएवढे होणार नाही, म्हणून तेथील वाघ कमी मोलाचा ठरतो का? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच संरक्षणाचा मूळ खर्च शासनाच्याच अंदाजपत्रकातून व्हायला हवा, पर्यटनाच्या नावाखाली शासनाने त्यातून अंग काढता कामा नये. पर्यटनाच्या पैशाचे काम वेगळे आहे. वाघाचा शेजार ज्यांना सोसावा लागतो, त्यांच्या आणि वाघाच्या मधला ताण तो हलका करू शकतो. त्यासाठी रिसॉर्टच्या प्रत्येक खोलीमागे ठरावीक शुल्क घ्यावे, ते पावतीवर स्वतंत्र ओळीत दिसावे, आणि त्यातला मोठा हिस्सा प्रकल्पाच्या हद्दीबाहेर, ब्रह्मपुरीसारख्या वनविभागांतील गावांना मिळेल अशी कायद्यात सोय करावी. दोन रात्रींना काही दहा हजार मोजणारा पाहुणा त्यात काहीशे रुपये अधिक देताना मागे हटेल, असे मला वाटत नाही. मागे हटला तर त्या उशाशीच्या कार्डाचा अर्थ तरी स्पष्ट होईल.

ताडोबा हे नाव तारू या गोंड गावप्रमुखाचे. दंतकथेप्रमाणे तो वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला; तळ्याकाठी एका मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे आणि पौषात तेथे यात्रा भरते. वाघाच्या हातून मेलेल्या माणसाला ज्या जंगलात देवपण मिळाले, त्या जंगलात वाघाने मारलेल्या माणसाची नोंद आज एका धनादेशाने मिटते, हे मला खटकते.

कोअरमध्ये लहान पिल्ले असलेली वाघीण एखाद्या रस्त्याजवळ बसली, की वनखाते तो रस्ता काही दिवस पर्यटकांसाठी बंद करते. गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवल्या जातात, कोणी फारशी तक्रार करत नाही. तेंदूपानांचा हंगाम पंधरा-वीस दिवसांचा असतो. जंगलाच्या ज्या खंडात पिल्लांसह वाघीण असल्याचे वनरक्षकाला ठाऊक आहे, तो खंड त्या हंगामापुरता तोडणीसाठी बंद ठेवायचा, आणि तेथे पाने तोडणाऱ्या घरांना तेवढ्या दिवसांची मजुरी खोल्यांच्या शुल्कातून, हंगाम सुरू होण्याआधी द्यायची. कोणत्या खंडात किती घरे जातात, हे फळीवरच्या वहीत नावानिशी लिहिलेले असते.